जुन्या छोट्या इंजिनांसाठी पर्यायी इग्निशन पार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेतक, लॅम्ब्रेटा, लूना, राजदूत, जावा-येझदी, ग्रीव्हजचे पेट्रोल-रॉकेल पंपसेट, जुने जनरेटर. पॉइंटवर चालणाऱ्या या इंजिनांचे पिस्टन-रिंग अजून मिळून जातात, अडते ते पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टिकल्यांची जोडी), कंडेन्सर (तो तुटताना येणारा झटका झेलणारा कपॅसिटर) आणि कॉइलवर (व्होल्टेज वाढवणारे तारेचे वेढे). बहुतेकदा नेमका तोच पार्ट शोधण्याची गरज नसते. तो काय काम करतो आणि त्याचे माप काय, हे कळले की दुसऱ्या इंजिनाचा पार्ट बसवता येतो. नेहमी येणारे प्रश्न क्रमांक देऊन मांडले आहेत.

१. माझ्या इंजिनात कोणत्या प्रकारचे इग्निशन आहे, हे कसे ओळखू?

आधी हे ठरवा, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरे यावर अवलंबून आहेत. प्लगची जाड वायर कुठून येते ते बघा.

प्रकार क: वायर थेट मॅग्नेटच्या (इंजिनाच्या कडेला फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) आतून येते. आतल्या एकाच कॉइलवर जाड (प्रायमरी) आणि बारीक (सेकंडरी) तारेचे दोन्ही वेढे असतात. व्हिलियर्स पद्धतीची इंजिने आणि जुनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन अशी असतात.

प्रकार ख: वायर बाहेरच्या एचटी (हाय टेन्शन) कॉइलमधून येते, पण बॅटरी काढली तरी करंट (प्लगवर ठिणगी) येतो. मॅग्नेट प्लेटवरची छोटी कॉइल वीज तयार करते आणि बाहेरची एचटी कॉइल ती वाढवते. पॉइंटवाल्या बजाज-व्हेस्पा घराण्यातल्या स्कूटर या प्रकारच्या.

प्रकार ग: बॅटरी काढली की करंट बंद. जुन्या जावा-येझदी आणि जुन्या बुलेट यात येतात.

चाचणी सोपी आहे. बॅटरीची वायर सुटी करा, प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. मात्र प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा.

२. करंट येत नाही. नेमका कोणता पार्ट गेला हे पार्ट न बदलता कसे समजेल?

क्रम असा ठेवा.

पहिला प्लग. चालणारा, माहितीतला दुसरा प्लग लावून बघा. मग प्लग कॅप काढून टाका आणि वायरचे टोक हेडपासून ५ ते ६ मिमी अंतरावर धरून किक मारा (इन्सुलेटेड पक्कडीने धरा, हाताने नाही). कडक आवाजाची निळसर ठिणगी उडी मारत असेल तर मॅग्नेट, पॉइंट, कॉइल सगळे ठीक, दोष कॅप किंवा प्लगमध्ये. वायर पूर्ण मोकळी सोडून मात्र कधीच किक मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते.

दुसरी, बंद करण्याच्या स्विचची वायर. मॅग्नेटोमध्ये (प्रकार क आणि ख) हा स्विच करंट अर्थ करून इंजिन बंद करतो. वायर कुठे चेचली असेल, स्विचमध्ये पाणी गेले असेल तर कॉइल मेल्यासारखी वाटते. वायर मॅग्नेटच्या बाहेर आल्या आल्या सुटी करून बघा. कित्येक चांगल्या कॉइल केवळ ही चाचणी न केल्यामुळे भंगारात जातात.

तिसरे पॉइंट: साफ आहेत का, उघडतात का (प्रश्न ८, ९). चौथा कंडेन्सर (प्रश्न ३ ते ६). कॉइल सर्वात शेवटी.

३. कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा हवा? माझ्या जुन्यावर काहीच लिहिलेले नाही.

पॉइंटच्या छोट्या इंजिनांत तो साधारण ०.१५ ते ०.३० मायक्रोफॅरडच्या दरम्यान असतो. पुस्तक नसेल तर ०.२२ घ्या. त्या आकड्यावर जवळपास सगळी इंजिने चालतात.

पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रायमरीत दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका येतो. कंडेन्सर तो झेलतो, म्हणून करंट पॉइंटवर जळत न बसता एकदम तुटतो आणि सेकंडरीत जोरदार व्होल्टेज तयार होते. कंडेन्सर लहान पडला तर पॉइंटवर सतत ठिणगी दिसते आणि पॉइंट लवकर जळतात. फार मोठा घेतला तर पॉइंट छान राहतात, पण प्लगचा करंट मंद होतो. काही दिवस चालवून पॉइंट बघा. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा तयार होत असेल तर कंडेन्सरची किंमत त्या कॉइलला जुळत नाही. थोडी कमी-जास्त करून बघायची.

४. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा कपॅसिटर चालेल का?

चालतो, आणि नीट निवडला तर बाजारातल्या डुप्लिकेट कंडेन्सरपेक्षा जास्त टिकतो. दुकानात असे मागा: पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर, ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट डीसी. इलेक्ट्रोलायटिक अजिबात नको, चकतीचा सिरॅमिकही नको. पंख्याचा कपॅसिटर काही जण सुचवतात, पण तो याच्या दहापट किंवा त्याहून मोठा असतो. त्याने करंट मरतो.

फिल्म कपॅसिटरला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि थरथर. त्याची सहनशक्ती ८५ ते १०५ अंश सेल्सिअस. मॅग्नेट प्लेटवर, क्रँककेसला चिकटून तो बसवला तर लवकर जातो. म्हणून तो बाहेर, हवेशीर जागी बसवा:

प्रकार ख आणि ग मध्ये पॉइंटकडून येणारी वायर एचटी कॉइलच्या ज्या टर्मिनलला लागते, तिथे कपॅसिटरचे एक टोक. दुसरे टोक कॉइलच्या बोल्टखाली, रंग खरवडून, अर्थला. प्रकार क मध्ये कॉइल आत आहे, पण बंद करण्याच्या स्विचची वायर पॉइंटच्या त्याच इन्सुलेटेड टर्मिनलवरून बाहेर आलेली असते. कपॅसिटर त्या वायरला, इंजिनाच्या शक्य तितक्या जवळ जोडला की काम झाले, मॅग्नेट उघडावा लागतो तो फक्त जुना कंडेन्सर तोडण्यासाठी.

ते तोडणे विसरू नका. जुना लीक होत असेल तर नवा कितीही चांगला असला तरी करंट जुन्यातून अर्थला जात राहील. कपॅसिटरचे पाय थरथरीने मुळाशी तुटतात, म्हणून तो छोट्या पाइपच्या तुकड्यात इपॉक्सीने भरून घ्या आणि बाहेर लवचिक वायर काढा.

हे जमणार नसेल तर प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडरच्या डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर घ्या. किंमत याच पल्ल्यातली असते आणि बॉडीच अर्थ असल्याने एका स्क्रूवर बसतो. तोही बाहेरच लावा.

५. मल्टीमीटरवर कंडेन्सर बरोबर दाखवतो, पण इंजिन गरम झाले की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. असे का?

मल्टीमीटर एखाद-दोन व्होल्टवर मोजतो, कंडेन्सरला प्रत्यक्षात शंभरपट झेलावे लागतात. इन्सुलेशन पातळ झालेला कंडेन्सर थंड असताना आणि कमी व्होल्टवर निर्दोष दिसतो. इलेक्ट्रिशियनकडच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचे मीटर) २५० व्होल्टच्या पट्टीत, कंडेन्सर सुटा करून मोजा. नंतर हेअर ड्रायरने हाताला चटका बसेल इतका तापवून पुन्हा मोजा. रीडिंग धडाधड खाली आले तर तो गेला. मेगरनंतर कंडेन्सर अर्थला टेकवून रिकामा करा.

मेगर नसेल तर गरम होऊन बंद पडलेल्या इंजिनावर जुना कंडेन्सर सुटा करून बाहेरून चांगला क्लिपने जोडा. लगेच सुरू झाले तर दोष कंडेन्सरचा. नाही झाले तर संशय कॉइलवर, कारण तीही अगदी असेच वागते (प्रश्न १३). जुना तसाच ठेवून नुसता नवा समांतर जोडला तर ही चाचणी फसते.

६. जुन्या पॅकिंगमधला कंपनीचा न वापरलेला कंडेन्सर मिळतोय. घ्यावा का?

संग्रहासाठी घ्या, चालवण्यासाठी नको. जुन्या कंडेन्सरमध्ये कागद आणि मेण असते, ते खोक्यात पडल्या पडल्या ओल धरते. जुने न वापरलेले पॉइंट मात्र जरूर घ्या. त्यांचे टंगस्टन आजच्या स्वस्त पॉइंटपेक्षा अनेकदा चांगले निघते, फक्त फायबरची टाच (पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा भाग) तडकलेली नाही हे बघून.

७. दुसऱ्या गाडीचे पॉइंट माझ्या इंजिनाला बसतील का? पार्ट नंबर मिटलेला आहे.

नंबर विसरा आणि व्हर्नियर घेऊन पाच गोष्टी मोजा. फिरणारी पट्टी ज्या पिनेवर बसते तिचा व्यास. पिनेपासून टाचेपर्यंतचे अंतर. पिनेपासून टंगस्टनच्या टिकलीच्या मध्यापर्यंतचे अंतर. प्लेटपासून टिकलीची उंची. आणि पिनेपासून फिक्सिंग स्क्रूच्या खाचेपर्यंतचे अंतर. सोबत समोरून फोटो काढा, म्हणजे पॉइंट डाव्या हाताचे की उजव्या हे दुकानदाराला दिसेल. उलट्या हाताचे पॉइंट कसेही करून बसत नाहीत.

यातली तडजोड कुठे चालते? स्क्रूची खाच कानसेने लांब करता येते. उंची पातळ वायसर घालून जमवता येते, पण दोन्ही टिकल्या समोरासमोर पूर्ण टेकल्या पाहिजेत. अर्ध्याच टेकल्या तर त्या भागावर सगळा भार येऊन तिथे खड्डा पडतो. पिनेचा व्यास मात्र तंतोतंत हवा. सैल पट्टी प्रत्येक फेरीत वेगळ्या जागी उघडते आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) नाचते. टाचेचे अंतर बदलले तर उघडझाप किती होते तेच बदलते, त्यामुळे तो फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दुसरे शोधा.

स्प्रिंगही तपासा. ढिली स्प्रिंग जास्त वेगात टाच कॅमवरून उडवते आणि इंजिन वरच्या रेसमध्ये मिसिंग करते. फार कडक स्प्रिंग टाच खाते, म्हणजे गॅप सारखा कमी होत राहतो.

उपाय म्हणून कधी कधी फक्त टिकली बदलता येते. जुन्या पट्टीवर दुसऱ्या पॉइंटची टंगस्टन टिकली सिल्व्हर ब्रेझिंगने बसवणारे कारागीर आहेत. दुर्मीळ मॅग्नेटोला हाच मार्ग उरतो.

८. नवीन पॉइंट बसवले आणि होता तो करंटही गेला. दोष पॉइंटचा का?

बहुधा नाही. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो वीज अडवतो. पेट्रोलने धुवा, मग कोरा जाड कागद टिकल्यांत धरून दोन-तीनदा ओढा. पॉलिश पेपर वापरू नका. त्याचे खडे टंगस्टनमध्ये रुततात. घासायचेच तर पॉइंटच्या बारीक कानसेने.

दुसरे कारण वायसरचा क्रम. फिरत्या पट्टीची स्प्रिंग आणि तिच्या टर्मिनलचा स्क्रू अर्थपासून वेगळे राहावेत म्हणून तिथे फायबरचे वायसर आणि बुश असतात. एक वायसर जागा चुकला की पॉइंट कायमचे अर्थ. सगळ्या वायर सुट्या करा, टिकल्यांत कागद धरा आणि टर्मिनल ते प्लेट मल्टीमीटर लावा. बीप वाजला तर जोडणी चुकली आहे. उघडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

कॅमवरच्या फेल्टला किंवा टाचेला काडेपेटीच्या गुलाएवढे उच्च तापमानाचे ग्रीस द्या. त्याहून जास्त दिले तर उडून टिकल्यांवर जाते.

९. पॉइंटचा गॅप किती ठेवू? पुस्तक नाही.

स्कूटर, मोपेड आणि जावा-येझदीसाठी ०.४ मिमीवर सुरुवात करा. ०.३५ ते ०.४५ हा पल्ला बहुतेकांना मानवतो. व्हिलियर्स मॅग्नेटोला ०.३० ते ०.३८ मिमी. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या पॉइंटवाल्या इंजिनांना ०.५ मिमी.

गॅप नेहमी पॉइंट पूर्ण उघडलेले असताना, आणि टायमिंगच्या आधी. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकते. कमी केला की मागे. उलटा क्रम केलात तर दोन्ही बिघडतात. मॅग्नेटोत आणखी एक परिणाम होतो: मॅग्नेट आणि कॉइलच्या एका ठरावीक स्थितीतच प्रायमरीत सर्वाधिक करंट असतो. पॉइंट त्याच्या आधी किंवा नंतर उघडले तर सगळे पार्ट चांगले असूनही ठिणगी बारीक येते.

जुन्या पॉइंटवर खड्डा-उंचवटा असेल तर फिलर गेज उंचवट्यावर टेकते आणि खोटे माप देते.

१०. टायमिंग बघायला बल्ब लावला, पण पॉइंट उघडले तरी बल्ब विझत नाही. पॉइंट शॉर्ट आहेत का?

मॅग्नेटो असेल तर नाही. पॉइंटच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत कॉइलची प्रायमरी समांतर जोडलेली असते आणि तिचा रोध जेमतेम एक ओहमच्या आसपास. पॉइंट उघडल्यावर बल्बचा करंट तिच्यातून जातो. मल्टीमीटरचा बीपही याच कारणाने वाजत राहतो.

पॉइंटच्या टर्मिनलवरून कॉइलच्या सगळ्या वायर सुट्या करा (प्रकार ख मध्ये आतली आणि बाहेरची दोन्ही), मग बीप लावा. वायर सुटी करणे शक्य नसेल तर टिकल्यांत सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ताण ठेवा आणि मॅग्नेट हळूहळू फिरवा. कागद सुटतो तो उघडण्याचा क्षण.

११. टायमिंग अंशात दिले आहे. माझ्याकडे फक्त व्हर्नियर आहे. मिलिमीटर कसे काढू?

स्ट्रोकचा निम्मा म्हणजे त्रिज्या र, कनेक्टिंग रॉडची लांबी ल. कोज्या (cos) आणि ज्या (sin) दिलेल्या अंशांच्या. पिस्टन टॉपपासून खाली किती, ते असे:

र × (१ − कोज्या) + (र² × ज्या²) ÷ (२ × ल)

उदाहरण म्हणून ५७ मिमी स्ट्रोक, १०५ मिमी रॉड आणि २२ अंश घेऊ. र = २८.५. पहिला भाग २.०७, दुसरा ०.५४. एकूण सुमारे २.६ मिमी. प्लगचे भोक तिरके असेल तर त्यातून घेतलेले माप चुकते, तेव्हा हेड काढा किंवा डिग्रीची चकती वापरा.

१२. बाहेरची एचटी कॉइल गेली. दुकानदार म्हणतो कोणतीही लावा. खरेच चालेल?

बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात, पण आत तीन वेगवेगळ्या जाती आहेत. मल्टीमीटरने प्रायमरी मोजा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारे ०.२-०.३ ओहम वजा करा, नाहीतर इतक्या लहान आकड्यात फसगत होते.

बॅटरीची १२ व्होल्ट कॉइल साधारण ३ ते ४ ओहम, ६ व्होल्टची दीड-दोन. मॅग्नेटोची बाहेरची कॉइल त्याहून कमी, एक ओहमच्या आतबाहेर. सीडीआयची (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबीवर चालणाऱ्या इग्निशनची) आणखी कमी, अर्ध्या ओहमच्या आत.

प्रकार ख ला बॅटरीची कॉइल लावली तर प्लेटवरची छोटी कॉइल तिला पुरी पडत नाही. किकवर ठिणगी दिसते, पण कॉम्प्रेशनखाली विझते. प्रकार ग ला सीडीआयची कॉइल लावली तर पॉइंटमधून भलताच करंट जातो आणि पॉइंट निळे पडून जळतात. म्हणून जात तीच ठेवा. एकाच जातीत कंपनी बदलली तर बिनधास्त.

प्लगची वायर तांब्याच्या गाभ्याची, ७ मिमी घ्या. कारची कार्बन गाभ्याची वायर जुन्या कॉइलच्या खिळ्यावर आणि स्क्रूच्या कॅपवर नीट पकडत नाही.

१३. मॅग्नेटच्या आतली कॉइल कुठेच मिळत नाही. रिवाइंडिंग करावे का?

आधी कॉइल खरेच गेली का ते ठरवा. कोकणातल्या आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या पंपसेटच्या कॉइल नुसती ओल धरतात. ६० ते ७० अंशांवर सात-आठ तास सुकवून पुन्हा तपासा. सेकंडरी मोजताना आकडा काही हजार ओहममध्ये आला पाहिजे. अनंत आला तर तार तुटली. आकडा बरोबर असूनही गरम झाल्यावर करंट जात असेल तर वेढ्यांमधले इन्सुलेशन फुटले. ते मल्टीमीटरवर कधीच दिसत नाही.

रिवाइंडिंग होते, पण मोटर वाइंडिंगच्या दुकानात नाही. सेकंडरीत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, त्याला खास मशीन लागते. कारागिराला जुनी कॉइल न सोलता, लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यासकट द्या. वेढ्यांची दिशा, तारेची जाडी, बाहेरचे माप हे त्याला त्यातूनच कळते. एकच गोष्ट आग्रहाने विचारा: व्हॅक्यूममध्ये वॉर्निश किंवा इपॉक्सी भरणार का? वरून ब्रशने वॉर्निश लावलेली कॉइल आतून पोकळ राहते आणि एका पावसाळ्यात जाते.

दुसरा रस्ता, गाभा तोच ठेवून दुसऱ्या इंजिनाची कॉइल त्यावर सरकवणे. गाभ्याच्या मधल्या पायाची रुंदी-जाडी आणि कॉइलचे भोक जुळले पाहिजे, आणि कॉइल मॅग्नेटला घासता कामा नये. सैल असेल तर फायबरची पातळ पाचर मारा. बसवताना गाभा आणि मॅग्नेटमधले अंतर ठेवा. बाहेरून कॉइल बसणाऱ्या ब्रिग्जला ०.२५ ते ०.३५ मिमी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळायचे.

१४. जावा ६ व्होल्टवरून १२ व्होल्ट केली. जुनी कॉइल राहू द्यावी का?

नाही. दीड ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टवर ८ अँपिअर जातात. पॉइंट सुमारे ४ अँपिअरपर्यंतच सुखाने चालतात. पद्मिनी-अँबॅसडरच्या जातीची १२ व्होल्टची कॉइल (साधारण ३ ओहम) लावा, किंवा जुनी ठेवायचीच असेल तर तिच्या आधी १.५ ओहमचा, चांगल्या वॉटेजचा बॅलास्ट रोध सीरिजमध्ये घाला. पॉइंट आणि कंडेन्सर बदलायची गरज नाही. पॉइंटला व्होल्ट नव्हे, करंट कळतो, आणि कंडेन्सर एरवीही दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका झेलतोच.

इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते. नव्या कॉइलचे मृत्यू यानेच जास्त होतात.

१५. मॅग्नेट कमजोर झाला आहे असे मेकॅनिक म्हणतो. बदलायचा का?

जुन्या पोलादी आणि अल्निको मॅग्नेटची ताकद खरेच कमी होते, विशेषतः मॅग्नेट काढून लोखंडी पट्टी न लावता महिनोन्‌महिने ठेवला, किंवा हातोड्याने ठोकून काढला तर. असा मॅग्नेट पुन्हा चार्ज करून मिळतो, बदलायची गरज नसते. नंतरच्या फेराइट मॅग्नेटला हा त्रास जवळपास नाही.

काढताना इंजिनाप्रमाणे रीत वेगळी. व्हेस्पा-बजाजच्या मॅग्नेटवर सर्कलिप असते. ती जागेवर ठेवून नट सोडत गेले की नटच मॅग्नेट बाहेर ओढतो. व्हिलियर्सचा नटही स्वतः ओढणारा. लॅम्ब्रेटाला पुलर हवाच. आत अर्धचंद्र चावी बघा. ती अर्धवट कापलेली असेल तर टायमिंग सरकते, किक उलटी मारते, आणि लोक इग्निशनचे सगळे पार्ट बदलत बसतात.

१६. पुस्तकातला प्लग मिळत नाही. दुसऱ्या कंपनीचा कसा निवडू?

आधी अंगाचे माप: आट्याचा व्यास (बहुतेक १४ मिमी, फार जुन्या इंजिनांत १८ मिमी) आणि आट्याची लांबी (९.५, १२.७ किंवा १९ मिमी). लांब प्लग पिस्टनला ठोकू शकतो. आखूड प्लगने हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो आणि नंतर बरोबर प्लगही जात नाही.

मग उष्णता क्रमांक, आणि इथेच घोटाळा होतो. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा). चॅम्पियन आणि आजच्या बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. जुन्या मायकोवरचे आकडे पुन्हा उलटे, त्यात मोठा आकडा थंड. मायको म्हणजेच आजची बॉश लिमिटेड, नाव २००८ मध्ये बदलले. त्यामुळे एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या खोक्यावर आकड्यांचा अर्थ विरुद्ध आहे. मायको डब्ल्यू१७५टी१ च्या जागी डब्ल्यू७ए, डब्ल्यू२२५टी१ च्या जागी डब्ल्यू५ए.

१२.७ मिमी आट्याच्या प्लगमध्ये एनजीके बी६एचएस, बॉश डब्ल्यू७एसी आणि चॅम्पियन एल८६सी ही एक पंगत. बी७एचएस, डब्ल्यू५एसी आणि एल८२सी ही त्याहून एक पायरी थंड. शंका असेल तर टू-स्ट्रोकला थंड बाजूने सुरुवात करा. प्लग काळा पडला तर काढून पुसता येतो, फार गरम प्लगने पिस्टनला भोक पडते.

१७. आर अक्षराचा प्लग चालेल का?

पॉइंटवाल्या इंजिनाला आतल्या रोधाची गरज नाही, पण प्लग किंवा कॅप यांपैकी एकात सुमारे ५ किलोओहम असला तरी चालतो. दोन्हींत असेल तर १० होतात आणि कमजोर मॅग्नेटवर किक जड जाते. सीडीआय बसवले असेल तर मात्र एक रोध हवाच.

१८. पॉइंट-कंडेन्सर काढून कायमचे इलेक्ट्रॉनिक करता येते का?

दोन मार्ग. प्रकार क साठी छोटे ट्रिगर मॉड्यूल मिळते, जे पॉइंटच्या जागी प्रायमरी तोडते. एक वायर प्रायमरीला, दुसरी अर्थला. जुन्या पॉइंटची वायर तोडावी लागते, पॉइंट नुसते उघडे ठेवून भागत नाही. ते मॅग्नेटच्या दिशेप्रमाणेच चालते, म्हणून करंट आला नाही तर वायरांची अदलाबदल करून बघा. टायमिंग थोडे हलते. परदेशात गवत कापणीच्या जुन्या ब्रिग्ज इंजिनांवर हे नेहमीचे आहे. ब्रिग्जने स्वतः १९८२ पासून पॉइंटविना मॅग्नेट्रॉन आणले.

स्कूटरसाठी पूर्ण संच, म्हणजे प्लेट, मॅग्नेट, सीडीआय आणि त्याची कॉइल. अर्धा संच बसत नाही. घेण्यापूर्वी क्रँकच्या टेपरचा व्यास आणि चावीची जागा मोजा, कारण एकाच नावाच्या स्कूटरमध्ये वर्षाप्रमाणे टेपर बदललेला असतो. लाईट, हॉर्न १२ व्होल्टचे करावे लागतात. गाडी रोज चालवायची असेल तर हा खर्च योग्य. महिन्यातून एकदा काढायची असेल तर ०.२२ चा चांगला कपॅसिटर आणि स्वच्छ पॉइंट पुरतात.

१९. पंपसेट पेट्रोलवर छान चालतो, रॉकेलवर टाकला की मिसिंग करतो. इग्निशन बदलू का?

आधी इंजिन पूर्ण तापू द्या. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, प्लग ओला होतो. तापूनही मिसिंग असेल तर प्लग एक पायरी गरम घ्या (प्रश्न १६). त्यानेही भागले नाही तर ठिणगीचे अंतर मोजा (प्रश्न २). पेट्रोल मंद ठिणगीवरही पेटते, रॉकेल ती चालवून घेत नाही. बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे पेट्रोलवर आणा, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लग कोरडा मिळेल.

२०. हे सगळे मिळते कुठे?

स्कूटर-मोटारसायकलच्या पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग. कारच्या कंडेन्सर-कॉइलसाठी दिल्लीत काश्मिरी गेट. फिल्म कपॅसिटरसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. जुन्या मॅग्नेट प्लेट आणि दुर्मीळ पॉइंटसाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. मात्र तिथे मल्टीमीटर आणि व्हर्नियर खिशात ठेवून जा. जुना पार्ट नेहमी सोबत न्या.

२१. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सगळे नवे. तरी करंट नाही, किंवा येतो-जातो.

स्विचची वायर (प्रश्न २) आणि वायसर (प्रश्न ८) तपासले असतील तर मॅग्नेट हातात धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर क्रँकचे बेअरिंग गेले आहे. मॅग्नेट डुलतो तसा गॅप प्रत्येक फेरीत बदलतो. बाकी सगळे कितीही नवे घाला, ठिणगी स्थिर होणार नाही. मॅग्नेटच्या आत तेल दिसले तर ऑइल सील गेले, तेच तेल टिकल्यांवर येते. शेवटी मॅग्नेट प्लेट आणि क्रँककेसमधली अर्थ बघा. प्लेटला रंग मारलेला असेल, स्क्रूखाली गंज असेल तर तिथला रंग खरवडून प्लेटवरून इंजिनाला वेगळी वायर टाका.